वाटणीचा दावा

आपल्या भाषेंत कांहीं शब्द असे आहेत कीं, त्यांच्या अर्थांत झालेला बदल हाच समाजाचा एक लहानसा इतिहास असतो. 'भाऊबंद' म्हणजे एका कुळांतलीं, एकमेकांच्या सुखदुःखाला धावून येणारीं माणसें. या शब्दांत आधार आहे, आपलेपणा आहे. परंतु त्याच शब्दाची 'भाऊबंदकी' झाली कीं तिचा अर्थ भांडण असा होतो. आणि तेंही साधेंसुधें भांडण नव्हे, तर वडिलार्जित मिळकतीवरून पिढ्यान् पिढ्या चालणारें वैर. जिव्हाळ्याच्या नात्याला आणि कडवट वैराला एकाच मूळ शब्दांतून नांवें मिळावीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या वैराला दिवाणी न्यायालयांत जें रूप येतें, त्यास वाटणीचा दावा म्हणतात. हा दावा कसा चालतो, त्याला इतकीं वर्षें कां लागतात, आणि न्यायालय त्यांतून काय देऊं शकतें व काय देऊं शकत नाहीं, हें आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

प्रारंभींच एक मर्यादा सांगितली पाहिजे. माझें बोलणें हिंदु कुटुंबापुरतें, आणि तेंही मुख्यतः महाराष्ट्रांतील कुटुंबापुरतें आहे. मुसलमान कुटुंबांत मुलाला जन्मतःच हक्क उत्पन्न होत नाहीं. वारसा मृत्यूनंतरच उघडतो आणि त्याचे हिस्से ठरलेले असतात. ख्रिस्ती व पारशी बांधवांना १९२५ सालचा भारतीय वारसा कायदा लागू आहे. गोव्यांत तर पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेली निराळीच व्यवस्था आहे. तेथें मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. मुलाबाळांचा निम्म्या मिळकतीवरील हक्क मृत्युपत्रानें हिरावून घेतां येत नाहीं. आणि मृत्यूनंतर सर्व मिळकतीची यादी न्यायालयापुढें ठेवून वाटणी करण्याची रीत आहे. या सर्वांचा विचार स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.

वाटणीचा प्रश्न आपल्याकडे आज उद्भवलेला नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य इ. स. १०७६ ते ११२६ पर्यंत राज्य करीत होता. कल्याणी म्हणजे आजचें कर्नाटकांतील बसवकल्याण. या राजाच्या काळीं विज्ञानेश्वर नांवाच्या पंडितानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, आणि तींत असें प्रतिपादन केलें कीं, वडिलार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क त्याच्या जन्माबरोबरच उत्पन्न होतो. बंगालमध्यें जीमूतवाहनाच्या 'दायभाग' ग्रंथानें याच्या उलट मत धरलें. तेथें बाप हयात असेपर्यंत मुलाला कांहींच हक्क नसे. महाराष्ट्र मिताक्षरेच्या छत्राखालीं राहिला. गुजराथ, मुंबई बेट आणि उत्तर कोंकण येथें मात्र सतराव्या शतकांतील नीलकंठ भट्टाच्या 'व्यवहारमयूख' ग्रंथाला अग्रमान मिळाला. हा नीलकंठ काशीचा रहिवासी असला तरी त्याचें घराणें मूळचें पैठणचें होतें.

जन्मसिद्ध हक्काची ही कल्पना मोठी उदात्त आहे. तिनें बापाला मालक न ठेवतां जवळजवळ विश्वस्त बनविलें. उधळ्या बापाच्या हातून लेकरांची भाकरी वांचविली. परंतु त्याच कल्पनेनें घरांतील प्रत्येक पाळण्यांत एक भागीदार निजविला. भागीदारी आहे, पण भागीदारीचा लेख नाहीं. हिस्सा आहे, पण त्याचा आंकडा ठरलेला नाहीं, कारण घरांत जन्म झाला कीं तो घटतो आणि मृत्यु झाला कीं तो वाढतो. कर्ता पुरुष सर्वांच्या वतीनें कारभार पाहतो, आणि बहुधा हिशेब देत नाहीं. प्रेम शाबूत असेपर्यंत हिशेब मागण्याची कोणास इच्छा होत नाहीं. प्रेम आटलें म्हणजे हिशेब सांपडत नाहीं. वाटणीच्या बहुतेक दाव्यांचें बीज येथें आहे.

मराठेशाहींत असे तंटे गोतसभेपुढें किंवा मजलशीपुढें जात. गांवचे पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, आणि वादी-प्रतिवादींचे भाऊबंद एकत्र बसत, दोघांच्या हकीगती ऐकत, जुनीं पत्रें पाहत, आणि निवाडा झाला म्हणजे महजर करून त्यावर सभासदांच्या निशाण्या होत. शेताचा बांध कोठें होता, विहीर कोणाच्या आज्यानें खणली, हें न्याय करणाऱ्यांना ठाऊक असे. इंग्रजी अमदानींत हा तंटा गांवच्या चावडीवरून तालुक्याच्या मुनसफाकडे गेला. त्यांत लाभही झाला. गोताचा दाब संपला. ज्याच्या पाठीशीं गांवांत कोणी नाहीं अशा विधवेलाही दाद मागण्याचें एक ठिकाण मिळालें. परंतु हानि अशी झाली कीं, न्यायाधीशाला त्या घराविषयीं जें कांहीं कळावयाचें, तें कागदांतून आणि साक्षीदाराच्या तोंडूनच कळूं लागलें. जें सर्व गांवाला ठाऊक होतें, तें आतां शाबीत करावें लागूं लागलें. शाबीत करण्यास वर्षें लागतात.

आतां कायद्यानें हिस्से कसे बदलत गेले तें पाहूं. १९३७ सालीं डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नानें झालेल्या कायद्यानें विधवेला एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत पतीच्या जागीं उभें केलें. पण तिचा हक्क हयातीपुरता आणि मर्यादित होता. १७ जून १९५६ रोजीं हिंदु वारसा कायदा अंमलांत आला आणि त्याच्या चौदाव्या कलमानें स्त्रीच्या ताब्यांतील मिळकतीवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. मुलगी मात्र जन्मसिद्ध हक्काच्या वर्तुळाबाहेरच राहिली. तिला मिळे तो केवळ बापाच्या हिश्श्यांतला हिस्सा. राहत्या घराविषयीं तर तेविसाव्या कलमांत असें होतें कीं, पुरुष वारस आपसांत वाटणी करण्यास निघेपर्यंत मुलीनें वाटणी मागूं नये. महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून मुलीला मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क दिला, परंतु त्या तारखेपूर्वीं विवाह झालेल्या मुलींना वगळलें. पुढें ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व देशासाठीं दुरुस्ती झाली. विवाहित-अविवाहित हा भेद गेला, आणि तेविसावें कलमही रद्द झालें. तरीही एक शंका उरली होती: त्या दिवशीं बाप हयात नसेल तर मुलीला हक्क आहे कीं नाहीं? सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं तिचें उत्तर दिलें. मुलीचा हक्क तिच्या जन्मानें आहे; बापाच्या हयातीशीं त्याचा संबंध नाहीं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं नोंदणी झालेल्या लेखानें किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यानें जी वाटणी झाली असेल, ती उकरून काढतां येत नाहीं. तोंडी वाटणी झाल्याची सबब सहसा ऐकली जात नाहीं. तिला सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार लागतो.

हें सर्व रुक्ष वाटेल. म्हणून सांगलीच्या न्यायालयांत चाललेल्या एका खऱ्या दाव्याचा हिशेब आपण मांडून पाहूं. एक गृहस्थ १९६० सालीं मरण पावला. मागें पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. मिळकत म्हणजे दोन घरें, एक जमीन, दोन दुकानें आणि कांहीं जंगम वस्तु. १९६२ सालीं त्या विधवा मातेनें वाटणीचा दावा लावला, आणि तिच्या दाव्याला विरोध करण्यास पोटचा मुलगाच उभा राहिला. तिचें म्हणणें असें: पतीच्या मृत्यूच्या क्षणापूर्वीं वाटणी झाली असती, तर पति, पत्नी आणि दोन मुलगे असे चार समान वाटे पडले असते. म्हणून एक चतुर्थांश माझा. पतीचा जो चतुर्थांश, त्याला सहा वारस; म्हणून त्यांतला सहावा भाग, म्हणजे एकंदर मिळकतीचा चोविसावा भाग, तोही माझा. दोहोंची बेरीज चोविसांत सात. खालच्या न्यायालयानें तिला केवळ चोविसावा भाग दिला. उच्च न्यायालयानें चोविसांत सात हें मान्य केलें. मुलगा सर्वोच्च न्यायालयांत गेला. तेथें १९७८ सालीं सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनीं मातेच्या बाजूनें निर्णय दिला.

या हिशेबांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, दोन्ही मुलगे आणि आई यांना चोविसांत सात-सात मिळाले, पण तिन्ही बहिणींना चोविसांत एक-एकच. तेंच कुटुंब आजच्या कायद्याखालीं असतें, तर पति, पत्नी आणि पांच अपत्यें मिळून प्रथम सात समान वाटे पडले असते. पतीचा सातवा भाग पुन्हां सहा वारसांत वांटला गेला असता. आणि बेरीज करून पाहतां आई, मुलगे आणि मुली अशा सहाही जणांना नेमका सहावा-सहावा भाग मिळाला असता. बहिणीचा वांटा चोविसाव्या भागावरून सहाव्यावर, म्हणजे चौपट झाला असता. दुसरी गोष्ट याहून अधिक विचारांत टाकणारी आहे. १९६२ पासून १९७८ पर्यंत सोळा वर्षें गेलीं, तीं हिस्सा 'किती' हें ठरविण्यांत. हिस्सा 'कोठला', म्हणजे कोणतें घर, कोणतें दुकान, जमिनीची कोणती बाजू, हा प्रश्न त्याहून निराळा असतो.

येथेंच वाटणीच्या दाव्याचें खरें मर्म आहे. इतर दाव्यांत एक हुकूमनामा झाला कीं न्यायदान संपतें. यांत दोन हुकूमनामे होतात. १९०८ सालच्या दिवाणी व्यवहार संहितेप्रमाणें प्रथम प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यासाठीं वादी वादपत्र देतो, प्रतिवादी कैफियत देतात, न्यायाधीश मुद्दे काढतात, साक्षीपुरावा होतो, आणि शेवटीं कोणाचा किती अंश हें जाहीर होतें. घरीं पेढे वांटले जातात, आणि मंडळी समजतात कीं दावा जिंकला. वस्तुतः हातीं आलेला असतो तो एक अपूर्णांक. त्यानंतर घराची पाहणी करून वाटे सुचविण्यासाठीं न्यायालय कमिशनर नेमतें. सरकारसारा देणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी तर न्यायालय स्वतः करीतच नाहीं. संहितेच्या चौपन्नाव्या कलमाप्रमाणें तें काम जिल्हाधिकाऱ्याकडे जातें. तेथें मोजणी, नकाशे, हरकती. आणि तुकडा फार लहान पडत असेल तर १९४७ सालच्या तुकडेबंदीच्या कायद्याचाही विचार. कमिशनरच्या अहवालावर पुन्हां हरकती ऐकल्या जातात, मग अंतिम हुकूमनामा होतो, तो मुद्रांकाच्या कागदावर उतरवावा लागतो. आणि इतकें होऊनही कोणी ताबा सोडला नाहीं, तर दरखास्त लावावी लागते.

या अवधींत कुटुंब स्थिर राहत नाहीं. वादी-प्रतिवादींपैकीं कोणी मरतो. त्याचे वारस नव्वद दिवसांच्या आंत अभिलेखावर आणावे लागतात. एका भावाच्या मृत्यूनें सर्वांचे अंश बदलतात, आणि म्हणूनच प्राथमिक हुकूमनामा एकाहून अधिक वेळांही होऊं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं मान्य केलें आहे. कोणी एक भागीदार वादांतला आपला अंश त्रयस्थाला विकतो, आणि तो त्रयस्थही येऊन उभा राहतो. कोणी मुंबईस, कोणी अमेरिकेस. एकावर समन्स बजावलें जाईपर्यंत दुसऱ्याचा पत्ता बदलतो. एखादी मिळकत दाव्यांत घालावयाची राहिली, एखादी बहीण पक्षकार करावयाची राहिली, तर सारें पुन्हां पहिल्या पायरीवर येतें. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर अंतिम हुकूमनाम्यासाठीं कोणी निराळा अर्ज करीपर्यंत प्रकरण बाजूस पडूं देऊं नये, न्यायालयांनीं आपण होऊनच पुढील कामास लागावें, अशी सूचना सर्वोच्च न्यायालयाला २०२२ सालीं द्यावी लागली, यावरूनच या दिरंगाईची कल्पना येईल.

आणि घराचें काय? शेताला बांध घालतां येतो. घराला घालतां येत नाहीं. ओटी एकाकडे, माजघर दुसऱ्याकडे, आड सामाईक, जिना कोणाचा याबद्दल वाद, आणि देवघरांतील टाकांची पूजा पाळीपाळीनें, अशी वाटणी कागदावर होते. राहतां येत नाहीं. म्हणून १८९३ सालच्या वाटणीच्या कायद्यानें न्यायालयाला असा अधिकार दिला आहे कीं, मिळकत सोयीनें विभागण्यासारखी नसेल, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्श्याच्या भागीदारांनीं मागणी केली, तर ती विकून पैसा वांटावा. इतर भागीदारांना त्या मागणी करणाऱ्यांचा हिस्सा ठरलेल्या किंमतीस घेण्याची संधि असते. राहत्या घरांतील अविभक्त हिस्सा परक्यानें विकत घेतला आणि वाटणी मागितली, तर घरच्या माणसाला तो हिस्सा न्यायालयाकडून किंमत ठरवून परत घेतां येतो. घराचें घरपण वांचविण्यासाठीं कायद्याला याहून अधिक कांहीं करतां येण्यासारखें नाहीं.

इतकें ऐकल्यावर आपणांपैकीं पुष्कळांच्या ओठावर ती म्हण आली असेल: शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये. म्हण खरी आहे. पण ती कोणाच्या तोंडीं शोभते, हा प्रश्न आहे. वाटणीच्या तंट्यांत दोन पक्ष कधींच सारख्या स्थितींत नसतात. एकाच्या हातीं किल्ल्या असतात, सात-बाराचे उतारे असतात, घरभाडें येत असतें. दुसऱ्याच्या हातीं केवळ नातें असतें. ज्याच्याकडे ताबा आहे त्याला घाई नसते. दिरंगाई ही त्याची मिळकत असते. असा मनुष्य जेव्हां विधवा वहिनीला किंवा दूर दिलेल्या बहिणीला ती म्हण ऐकवितो, तेव्हां तो शहाणपण शिकवीत नसून आपला ताबा राखीत असतो. न्यायालयाची पायरी चढणारी ती असते, परंतु तिला त्या पायरीपर्यंत आणणारा तो असतो. म्हणून मी असें म्हणेन कीं, या म्हणीचा उपदेश ज्याच्या हातीं किल्ल्या आहेत त्यानें प्रथम स्वतःस करावा. मागितल्याबरोबर हिशेब दाखविणें हें खरें शहाणपण; तें त्याला सुचलें नाहीं, तर दाद मागणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार आपणां कोणास नाहीं. शिवाय गप्प बसण्यालाही मर्यादा आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतून आपणांस वगळलें आहे हें कळल्यापासून बारा वर्षांच्या आंत दावा लावावा लागतो. सोसणाऱ्याचा हक्क सोसण्यानेंच बुडूं शकतो.

बहिणीचा विषय निघाला आहे तर तोही स्पष्ट बोलावा. आपल्याकडे बाप वारल्यावर दिवस संपतात न संपतात तोंच हक्कसोडपत्राचा कागद पुढें येतो. "तुला काय कमी आहे? सही कर, म्हणजे नांवें चढवितां येतील," असें सहज सांगितलें जातें. बहीण सही करते, ती कागद वाचून नव्हे, तर माहेर तुटेल या भयानें. भाऊबीजेला दाराशीं उभें राहण्याचा हक्क राखण्यासाठीं ती घरांतला हक्क सोडते. कोणी समजून-उमजून, प्रेमानें हक्क सोडला, तर त्यासारखें औदार्य नाहीं. पण औदार्याला अवधि लागतो आणि माहिती लागते. मिळकत काय आहे, आपला अंश किती, त्याची किंमत किती, हें सांगून, विचार करण्यास वेळ देऊन, मग भावानें बहिणीस विचारावें. तें न सांगतां घेतलेली सही पुढें तिच्या मुलांच्या हातून न्यायालयांत येते, आणि जें माहेर राखण्यासाठीं सही केली, तेंच मामा-भाचे प्रतिपक्षी होऊन तुटतें.

मग करावें काय? उपाय अवघड नाहींत. ते वेळेवर करणें मात्र अवघड असतें.

पहिला उपाय वडील माणसाच्या हातीं आहे. आपली मिळकत कोणती वडिलार्जित आणि कोणती स्वकष्टार्जित, हें त्यानें हयातींतच लिहून ठेवावें व सर्वांना सांगावें. या दोहोंत फार मोठा भेद आहे. बापानें स्वतःच्या कमाईनें घेतलेल्या घरांत त्याच्या हयातींत मुलांना हक्क नसतो. तो मृत्युपत्र न करतां वारला, तर तें घर विधवा, मुलगे, मुली आणि मृताची आई यांना समान मिळतें. या यादींतील म्हातारी आई पुष्कळदां कोणाच्या ध्यानींमनींही नसते. तसेंच सात-बारावर नांव असलें म्हणजे मालकी सिद्ध झाली, असा जो समज आहे तोही खरा नाहीं. ती नोंद मुख्यतः साऱ्याच्या वसुलीसाठीं असते. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच ठरवितें.

दुसरा उपाय मृत्युपत्राचा. स्वकष्टार्जित मिळकतीचें, आणि एकत्र मिळकतींतील आपल्या अंशाचेंही, मृत्युपत्र करतां येतें. दुसऱ्याच्या अंशाचें करतां येत नाहीं. त्यावर दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. मृत्युपत्र करणें म्हणजे मरणाला आमंत्रण, अशी एक भीति घराघरांत असते. पण मरण आमंत्रणाची वाट पाहत नाहीं, हें आपण जाणतों.

तिसरा उपाय आपसांतील तडजोडीचा. कुटुंबांतील माणसांनीं प्रामाणिकपणें, खऱ्या तंट्याचा निकाल लावण्यासाठीं किंवा संभाव्य तंटा टाळण्यासाठीं जी व्यवस्था केली असेल, तिला न्यायालयानें शक्य तों उचलून धरावें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७६ सालीं सांगितलें आहे. अशी व्यवस्था तोंडीही होऊं शकते, आणि झालेल्या गोष्टीचें केवळ स्मरणपत्र लिहून ठेवलें तर त्याला नोंदणी लागत नाहीं. परंतु ज्या लेखानेंच वाटणी करावयाची, तो मात्र मुद्रांकावर लिहून नोंदविला पाहिजे. कागद एकदांच करावयाचा असतो. तो जाणत्या वकिलाकडून करून घ्यावा. वाटे पाडण्यासाठीं कित्येक घरांतून एक जुनी रीत आढळते: एकानें वाटे पाडावे, आणि दुसऱ्यानें आधीं उचलावा. वाटे पाडणाऱ्याला आपल्या वाट्यास कोणता येईल हें ठाऊक नसतें, म्हणून तो ते सारखे पाडतो. कोणत्याही कमिशनरपेक्षां ही युक्ति स्वस्त आहे.

चौथा उपाय दावा लागल्यानंतरचा. दावा दाखल झाला म्हणजे समेटाचें दार बंद झालें, असें नाहीं. दोघांची संमति असेल तर न्यायालय तडजोडीचा हुकूमनामा करून देतें. मध्यस्थीसाठीं न्यायालयांतच सोय असते. १९८७ सालच्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याखालीं लोक-अदालतींत तंटा मिटला तर त्या निवाड्याला हुकूमनाम्याचें बळ येतें, त्यावर अपील चालत नाहीं, आणि भरलेलें न्यायालयशुल्क परत मिळतें. याच कायद्याप्रमाणें कोणत्याही स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. आपण ती आपल्या ओळखीच्या एखाद्या एकाकी वहिनीला किंवा मावशीला सांगाल, तर आजचें हें भाषण कारणीं लागलें असें मी समजेन.

श्रोतेहो, न्यायालयाचा अनादर करण्याचा माझा हेतु नाहीं. अन्याय झालेल्या माणसाला तें शेवटचें, आणि कित्येकदां एकमेव दार आहे. सांगलीच्या त्या मातेला तें उघडें नसतें, तर तिच्या पदरांत चोविसावा भागच पडला असता. पण न्यायालय अंश देऊं शकतें. तें आईच्या श्राद्धाला दोन भावांना एका पंक्तीस बसवूं शकत नाहीं. तें घराची किंमत ठरवूं शकतें. त्या घरांत जन्मलेल्या मुलांनीं मोठेपणीं एकमेकांस ओळख द्यावी, असा हुकूम त्याला काढतां येत नाहीं. जें न्यायालयाला देतां येत नाहीं, तें देण्याची शक्ति घरांतल्या वडील माणसाच्या हातीं असते, आणि ती तो हयात असेपर्यंतच असते. आपल्या घरीं कपाटांत वडिलार्जित मिळकतीचे कागद असतील, आणि ते वाचून दाखविणारें वडील माणूस सुदैवानें अजून आपल्यांत असेल, तर येत्या सुट्टीच्या दिवशीं सर्व भावंडांना, बहिणींनाही, एकत्र बोलवावें आणि ते कागद सर्वांसमक्ष उघडावे. अर्ध्या दिवसाचें काम आहे. तें टाळलें, तर तेच कागद पुढें न्यायालयाच्या कचेरींत उघडले जातील. आणि तेव्हां ते वाचून दाखविणारीं माणसें परकीं असतील.